१.२ मिमीचा पत्रा वेल्डिंगनंतर डबडब वाजतोय, दहातले सहा बॉक्स परत आलेत

नवा_पत्रेवाला
राम राम मंडळी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वर्षापूर्वी छोटं शेड घेतलंय, त्याआधी सहा वर्षं गोकुळ शिरगावला स्ट्रक्चरच्या कामावर होतो, म्हणजे हात सगळा अँगल-चॅनेलवर बसलेला. आता पहिल्यांदाच पत्र्याची ऑर्डर घेतली, ४० बॉक्स, मशीनशेजारी इलेक्ट्रिकल बसवायला. माप मिमीमध्ये ९०० उंच, ६०० रुंद, २५० खोल, सीआर (थंड लाटलेला) पत्रा १.२ मिमी. माझ्याकडं बेंडिंगचं (पत्रा वाकवायचं) मशीन नाही म्हणून पाचही तुकडे लेसरला कापून आणले आणि कोपऱ्याला कोपरा लावून सीओटूनं, म्हणजे वायर आणि गॅसच्या मशीननं, वेल्डिंग मारलं. पाठीमागचा पत्रा मधोमध ५-६ मिमी फुगतोय, बोटानं दाबला की डब्ब करून आत जातो, सोडला की परत बाहेर. वरच्या कडा पण वाकड्या झाल्यात, त्यामुळं दरवाज्याची चौकट बसत नाही. पहिले दहा दिले त्यातले सहा परत आले. राहिलेले तीस करायचेत आणि हात थरथरतोय. काय चुकतंय सांगा.

शिरोलीकर
भावा आधी हे सांग, वायर किती एमएमची, व्होल्टेज किती, बीड (वेल्डिंगची रेघ) सलग ओढलीस का तुकड्यानं, आधी पकडायला मारलेले टाके किती अंतरावर? आणि वेल्डिंग आतनं बाहेरनं दोन्हीकडनं मारलंयस का?

नवा_पत्रेवाला
वायर १.२ ची, जुन्या कामाची तीच लावलेली. व्होल्टेज १९-२० च्या आसपास, त्याखाली आर्क धरतच नाही. टाके १५०-२०० मिमीवर. बीड सलग, बाहेरनं पूर्ण आणि आतनं पण पूर्ण, म्हटलं पक्कं व्हायला पाहिजे. चार-पाच ठिकाणी भोक पडलं ते परत भरून ग्राइंडर मारला.

शिरोलीकर
मग फुगणारच की रं. १.२ च्या पत्र्याला १.२ ची वायर म्हंजे पातळ पोळीला जाडजूड लाटणं. ०.८ ची वायर आण, रोलर आणि टिप पण ०.८ चे बदल, नाहीतर वायर घसरती. व्होल्टेज १६-१७ वर आण, करंट ६० ते ७५ अँपियर. आवाज एकसारखा तडतड यायला पाहिजे, भजी तळल्यासारखा. फट्-फट् करत असंल तर वायर फीड आणि व्होल्टेजचा मेळ बसलेला न्हाई. टाके ४०-५० मिमीवर घे. आणि दोन्हीकडनं सलग बीड मारायची काही गरज न्हाई, हे काही प्रेशर व्हेसल नव्हं.

बेंडिंगवाले_काका
शिरोलीकरांनी सांगितलेलं सगळं बरोबर आहे, पण मला वाटतं दुखणं वेल्डिंगच्या टॉर्चमध्ये नाही, ड्रॉइंगमध्ये आहे. तीस-बत्तीस वर्षं पत्रा वाकवतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पत्रा फुगतो का ते समजून घ्या. वेल्डिंगचा रस ओतला की कड तापते, तापली की वाढायला बघते पण शेजारचा गार पत्रा तिला वाढू देत नाही, म्हणून ती जागच्या जागी दाबली जाऊन जाड होते. गार होताना मात्र ती आखडतेच, त्याला कोण अडवणार. म्हणजे चारी कडा आखूड झाल्या आणि मधलं तेवढंच राहिलं. परकराच्या नेफ्यात नाडी ओढली की कापडाला चुण्या पडतात तसंच हे, मधल्या पत्र्याला जायला जागा नाही म्हणून तो पोट काढतो. लोखंड मीटरमागं दर शंभर अंशाला साधारण १.२ मिमी वाढतं, आणि वेल्डिंगजवळ तर दीड हजार अंशाची गोष्ट आहे. त्यामुळं तुम्ही कितीही सफाईनं मारा, जितकी बीड तितकं आखडणं.

आता मोजा. तुमच्या बॉक्समध्ये पाठीच्या चारी बाजू म्हणजे ९०० आणि ६०० च्या दोन-दोन, झाले ३००० मिमी. वर चार उभे कोपरे २५० चे, ते १०००. एकूण ४ मीटर बीड, आणि तुम्ही आतबाहेर मारलीत म्हणजे ८ मीटर. एवढी उष्णता १.२ च्या पत्र्यात घातल्यावर तो सरळ राहिला असता तर मलाच नवल वाटलं असतं.

पाठ आणि दोन बाजू एकाच पत्र्यातनं यू करून वाकवा. मग पाठीच्या दोन लांब कडांना वेल्डिंगच उरत नाही, तिथं घडी आहे, आणि घडी ही पत्र्याची सर्वात ताठ जागा. वर-खाली दोन टोप्या करा, टोपीच्या तीन बाजूंना १५ मिमीच्या पट्ट्या वाकवा, त्या यूच्या आत सरकवून स्पॉट (तांब्याच्या दोन टोकांत दाबून करंटनं ठिपक्यात जोडणं) मारा. स्पॉट नसेल तर २५ मिमीचा टाका, १०० मिमी मोकळं, असं तुकड्यानं सीओटू. जिथं वाकवता येतं तिथं वेल्डिंग करायचं नाही हे मी माझ्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो.

नवा_पत्रेवाला
काका, डोळे उघडले राव. पण असं वाटतंय की पूर्ण बॉक्सच एका पत्र्यातनं क्रॉससारखा कापून चारी बाजू वर वाकवल्या तर? मग फक्त चार कोपरेच राहतात, १ मीटर वेल्डिंग.

बेंडिंगवाले_काका
वेल्डिंगच्या दृष्टीनं तेच सर्वात चांगलं. पण पत्रा किती जातो बघा. क्रॉसचा ब्लँक (वाकवायच्या आधीचा सपाट तुकडा) साधारण १३९५ बाय १०९५ येतो, २५०० बाय १२५० च्या शीटमध्ये तो एकच बसतो आणि ११०० चा तुकडा उरतो, त्यात दुसरा फिरवून पण बसत नाही. म्हणजे ४० बॉक्सला ४० शीट. यू केला तर ब्लँक १०९५ बाय ९००, तो एका शीटमध्ये दोन बसतात, वरच्या ३५० च्या पट्टीत तीन टोप्या निघतात आणि लांबीच्या टोकाला ३०० चा जो तुकडा उरतो त्यात चौथी. एका शीटमध्ये दोन बॉक्स पूर्ण. ४० ला २० शीट. एका शीटचं वजन साडेएकोणतीस किलोच्या आसपास आहे, म्हणजे २० शीट वाचल्या तर ५९० किलोच्या आसपास फरक, हिशेब तुम्हीच करा.

मोजमापाची एक गोम. बाहेरची मापं बेरीज करून ब्लँक काढायचा नाही. वाकताना बाहेरची बाजू ताणते, आतली दबते, म्हणून प्रत्येक घडीला थोडं वजा करावं लागतं. १.२ चा पत्रा १० मिमीच्या व्ही डायवर (वाकवायच्या खाचेवर) वाकवला तर घडीमागं साधारण २.३ मिमी. ६०० + २५० + २५० = ११००, दोन घड्यांचे ४.६ गेले, ब्लँक १०९५.४. हा आकडा डोळे झाकून घेऊ नका, ज्या मशीनवर वाकवणार तिथंच १०० मिमीचा तुकडा एक घडी मारून बघा, दोन्ही पाय मोजा, बेरीज १०० पेक्षा जितकी जास्त भरेल तितकं तुमचं खरं वजावट माप. डाय बदलली की आकडा बदलतो. आणि टोपी आत सरकणार आहे हे विसरू नका, तिची रुंदी ६०० नाही, दोन्हीकडची जाडी वजा केली की ५९७.६, मी तर ५९७ च धरतो, अर्धा मिमी मोकळीक पाहिजे.

टॉर्चधारी
काकांचा मान राखून थोडं वेगळं बोलतो. बेंडिंग बाहेरनं करून आणायचं म्हणजे टेम्पो, दुसऱ्याच्या मशीनची वेळ, आणि वाकवलेला माल आणताना कोपरे चेपतात ते वेगळंच. ४० च नगासाठी पाच तुकड्यांचा बॉक्सही सरळ करता येतो. मी असे केलेत. युक्ती एवढीच की उष्णता एका जागी साठू द्यायची नाही. एक टाका पाठीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, पुढचा खाली उजवीकडं, तिसरा मधोमध, असं फिरत राहायचं. हात लावून बघायचं, हाताला सोसत नाही तिथं परत जायचं नाही. मागं तांब्याची पट्टी क्लँप करायची, १० मिमी जाड मिळाली तर उत्तम. तांबं उष्णता ओढून घेतं, भोक पडायचं भ्या पण कमी कारण रस त्याला चिकटत नाही. टिग (टंगस्टनच्या सुईचं वेल्डिंग) असेल तर अजून स्वच्छ काम.

बेंडिंगवाले_काका
टॉर्चधारी, तुमच्या हाताला होतं यात शंका नाही. पण प्रश्न विचारणाऱ्याचा हात अजून अँगलवरचा आहे आणि त्याला तीस बॉक्स एकसारखे काढायचेत. तुमचा पहिला आणि तिसावा सारखा येईल, त्याचा येणार नाही. घडीला हाताचा भरवसा लागत नाही. आणि टिगबद्दल, टिगचा वेग कमी असतो, त्यामुळं पातळ पत्र्यात सलग बीड मारली तर एकूण उष्णता उलट जास्तच जाते. दिसायला सुंदर आणि पोट तेवढंच.

टॉर्चधारी
टिगचं मान्य, सलग बीडला मी पण भोगलंय. एसएसला (स्टेनलेसला) तर अजून वाईट.

क्वालिटीवाला
एसएस निघालंच आहे म्हणून. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस साध्या लोखंडापेक्षा दीडपटीच्या जवळ वाढतं आणि उष्णता मात्र साधारण एक तृतीयांशच पुढं सोडतं. म्हणजे ताप एकाच जागी कोंडतो आणि वाढतो पण जास्त. त्यामुळं एमएसवर (साध्या लोखंडावर) चाललेली सेटिंग एसएसवर चालेल असं धरून कुणी ऑर्डर घेऊ नका.

नवा_पत्रेवाला यांना एक सांगायचंय. पत्रा मायक्रोमीटरनं मोजा. बाजारात १८ गेज (गेज म्हणजे जाडीचा नंबर) म्हणून मागितला की १ मिमीचाही गळ्यात पडतो. वायर गेजप्रमाणं १८ म्हणजे १.२२ मिमी, १६ म्हणजे १.६३, २० म्हणजे ०.९१. गेजमध्ये बोलूच नका, मिमीमध्ये ऑर्डर द्या आणि सीआरला आयएस ५१३ चं (सीआर पत्र्याच्या भारतीय मानकाचं) टेस्ट सर्टिफिकेट मागा. १ मिमी आणि १.२ मध्ये ताठपणाचा फरक कागदावर वाटतो त्यापेक्षा खूप मोठा असतो, वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनात बदलतो, म्हणजे १ मिमीचा पत्रा १.२ च्या जवळपास ५८ टक्केच ताठ.

नवा_पत्रेवाला
मोजला. १.०८ भरतोय. बिलावर १८ गेज लिहिलंय. आता काय बोलणार, पुढच्या वेळी मिमीमध्येच.

डेंटिंगवाला
ते सहा बॉक्स भंगारात घालू नगा. आमच्याकडं गाडीच्या दाराचा पत्रा असाच डबडब करतोय तवा आम्ही त्याला आखडून घेतो. काकांनी सांगितलं तसं मधलं जास्त झालंय न्हवं, मग मधल्यालाच आखूड करायचं. फुगवट्याच्या टोकावर रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका गॅसच्या बारीक जाळानं लालबुंद करायचा, लगेच मागं डॉली (टेकू द्यायचा लोखंडी ठोकळा) धरून लाकडी मोगरीनं हलकं दाबायचं, आणि ओल्या फडक्यानं गार करायचं. ठिपका आखडतो आणि भोवतीचा पत्रा ओढून घेतो. मग दुसरा ठिपका ६०-७० मिमी लांब, पहिला पूर्ण गार झाल्यावरच. मोठा ठिपका करू नगा, आणि लोखंडी हातोडीनं ठोकू नगा, ठोकलं की पत्रा परत पसरतो आणि सगळी मेहनत पाण्यात. सात-आठ ठिपक्यात सरळ होतोय बघा. आधी एखाद्या भंगार तुकड्यावर हात बसवा.

डक्टवाला_कागल
माझा थोडा वेगळा प्रश्न आहे इथंच विचारतो. आमचं जीआयच्या (जस्त चढवलेल्या पत्र्याच्या) हवेच्या डक्टचं काम. कोपऱ्याला वेल्डिंग मारतोय तर पांढरा धूर, बीडला भोकं भोकं, आणि काल रात्री आमच्या एका पोराला हुडहुडी भरून ताप आला. सकाळी बरा झाला. आमच्यात म्हणतात गूळ खाल्ला की धूर उतरतो, मी सगळ्यांना रोज गूळ देतो, दूधपण देतो. तरी का झालं?

आयटीआयवाल्या_ताई
मी वेल्डर ट्रेडला शिकवते, म्हणून हे नीट वाचा. जस्त ४२० अंशाच्या आसपास वितळतं आणि ९०७ ला उकळतं. लोखंड वितळायला दीड हजारावर जावं लागतं. म्हणजे तुमचं लोखंड वितळायच्या आधीच वरचं जस्त वाफ होऊन उडालेलं असतं. ती वाफ बीडमध्ये अडकली की भोकं, आणि हवेत गेली की झिंक ऑक्साइडचा तो पांढरा धूर. त्या पोराला जो ताप आला तो त्याचाच. धूर छातीत गेल्यावर चार ते दहा तासांनी थंडी, अंगदुखी, तोंडाला धातूची चव, आणि एक-दोन दिवसांत उतरतो. सुट्टीनंतर कामावर आल्यावर जास्त होतो, कारण रोजच्या धुराला अंग थोडं सरावतं आणि सुट्टीत तो सराव मोडतो. सराव झाला म्हणजे अपाय थांबला असं मात्र नाही.

गूळ द्या, दूध द्या, पोरांच्या पोटात काहीतरी जातंय ते चांगलंच आहे. आपल्या जिल्ह्यात गुळाला कोण नको म्हणणार. पण धूर जातो फुफ्फुसात आणि गूळ जातो पोटात. गूळ दिला म्हणून मास्क द्यायचा राहिला, असं मी कितीतरी शेडमध्ये बघते आणि मला फार वाईट वाटतं. जोडाच्या दोन्हीकडं २५-२५ मिमी जस्त घासून काढा, घासतानाही मास्क हवा. डोकं धुराच्या वर न ठेवता बाजूला ठेवा. धूर ओढणारा पाइप जोडाजवळ आणा. रुमाल बांधून काही होत नाही, वेल्डिंगच्या धुराचा मास्क घ्या. आणि ताप दोन दिवसांत उतरला नाही किंवा श्वास लागला तर डॉक्टरकडं नेऊन जीआयवर वेल्डिंग करत होता हे स्पष्ट सांगा.

अजून एक, पत्र्यावरचं तेल पुसायला कुठलंही डीग्रीझर उचलू नका. क्लोरीनवालं असेल आणि पत्रा ओला असताना आर्क मारला तर फॉस्जीन होतो. तो विषारी वायू आहे, थोडासुद्धा जिवावर बेततो. डबा वाचा, पुसा, पूर्ण सुकू द्या, मगच वेल्डिंगची कॅप तोंडावर घेऊन सुरू करा.

डक्टवाला_कागल
ताई मनापासून आभार. उद्याच मास्क आणतो. आणि तसं बघायला गेलं तर डक्टला वेल्डिंगची गरजच नाही ना, आमचे जुने कारागीर घडीत घडी अडकवून लॉक मारायचे.

बेंडिंगवाले_काका
अगदी. जीआय पत्र्याला घडीचा लॉक आणि रिबिट हेच खरं. आमच्या वडिलांनी गुऱ्हाळाच्या काहिली (रस उकळायच्या मोठ्या कढया) केल्यात, पत्र्याला पत्रा चढवून रिबिट ठोकायचे, दिवसभर ठोकण्याचा आवाज. त्या काहिली चुलवाणावर हंगामभर तापायच्या, रोज रस उकळायचा, तरी गळती नाही. जोड चढवून घ्यायचा, कडेला कड टेकवायची नाही, हे पातळ पत्र्याचं शास्त्र त्या माणसांना शाळेत न जाता कळलं होतं.

पावडरकोटिंग_शिरोली
नवा_पत्रेवाला दादा, चढवलेला जोड करताय तर आमच्या बाजूनं एक ऐका, नाहीतर दोष आमच्यावर येतो. जोडाच्या फटीत तेल आणि धुण्याचं ॲसिड शिरतं. भट्टीत १८०-२०० अंशाला गेलं की तेच तेल उकळून बाहेर येतं आणि पावडरवर फोड. ॲसिड राहिलं तर सहा महिन्यांनी जोडातनं तांबूस ओघळ. म्हणून स्पॉट मारायच्या आधीच पट्ट्या पुसून घ्या, आणि बॉक्सच्या खालच्या कोपऱ्यात ६ मिमीचं भोक ठेवा म्हणजे पाणी निथळतं. सीलंट लावायचं असेल तर कोटिंगनंतर. आणि पावसाळ्यात कापलेला सीआर पत्रा शेडमध्ये चार दिवस उघडा ठेवू नका, आपल्याकडच्या दमट हवेत रात्रीत गंजाचे ठिपके येतात.

नवा_पत्रेवाला
(बारा दिवसांनी)
सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. तीसच्या तीस झाले.

काकांच्या सांगण्याप्रमाणं यू आणि टोप्या केल्या. पत्रा नवीन आणला, मिमीमध्ये मागून, दुकानात उभं राहून मोजून, १.१९ भरला. बेंडिंग शिरोलीत करून आणलं. तिथं आधी १०० चा तुकडा वाकवून बघितला, बेरीज १०२.५ आली, म्हणून घडीमागं २.३ ऐवजी २.५ धरलं. दोन घड्यांना पॉइंट चारचा फरक पडला असता, तो लेसरला जायच्या आधीच ड्रॉइंगमध्ये दुरुस्त केला. टोपीचं माप मात्र पहिल्या दोन नगांना मीच चुकवलं, ६०० च लिहून गेलो, ती आत गेलीच नाही. काका, तुम्ही स्पष्ट लिहूनही. त्या चार टोप्या वाया गेल्या.

ओळखीच्यांकडं स्पॉट मशीन मिळालं, दर ५० मिमीला एक. पुढच्या कोपऱ्यांना तेवढं सीओटू, ०.८ ची वायर, साडेसोळा व्होल्ट, मागं तांब्याची पट्टी. एकही भोक पडलं नाही. एका ठिकाणी बीडमध्ये बारीक छिद्रं आली, खूप शोधलं, शेवटी कळलं पंखा थेट जॉबवर लावलेला आणि गॅस उडून जात होता. पंखा फिरवला, छिद्रं बंद.

पाठीवर सरळ पट्टी आडवी धरली तर मधे १ ते दीड मिमीच्या आत सगळे. चौकट न ठोकता बसली. जुन्या सहापैकी चार डेंटिंगवाले भाऊंच्या ठिपक्यांनी सरळ झाले, दोन नाही झाले, त्यात मी आधीच लोखंडी हातोडी चालवली होती.

शिरोलीकर
नाद खुळा भावा. दर किती लावलावतास? किलोवर लावला असशील तर पुढच्या वेळी लावू नगोस. पत्रा पातळ झाला की वजन उतरतंय, मेहनत मात्र वाढतीय. नगावर लाव, घड्या आणि स्पॉट मोजून.

नवा_पत्रेवाला
किलोवरच लावला होता. पुढची ऑर्डर १०० ची बोलणी चाललीत, नगावर सांगितलंय, घड्या ८ आणि स्पॉट ४४ असं मोजून कागदावर मांडून दिलं, त्यांनी कुरकुर केली नाही.

क्वालिटीवाला
स्पॉटची तपासणी केलीत का? दिसायला ठिपका छान असतो आणि आत धरलेलं नसतं. रोज सकाळी त्याच पत्र्याच्या दोन पट्ट्यांवर एक स्पॉट मारा, वाइसमध्ये धरून सोलून काढा. एका पट्टीतनं गोल बटण उपटून निघालं पाहिजे. नुसतं सुटलं तर करंट किंवा दाब कमी आहे. तांब्याच्या टोकाचा व्यास जाडीच्या वर्गमूळाच्या पाचपट, १.२ ला साडेपाच मिमी. टोक चेपून पसरलं की करंट पांगतो, कानस मारून परत मापात आणायचं.

नवा_पत्रेवाला
हे केलं नव्हतं. आत्ता शेडवर येऊन उरलेल्या तुकड्यावर तीन सोलून बघितले. दोनला बटण आलं, एक नुसताच सुटला. टोक मोजलं तर साडेसातवर पसरलंय. शेवटचे आठ बॉक्स अजून इथंच आहेत, कोटिंगला गेलेले नाहीत, त्यांचे स्पॉट उद्या सकाळी टोक घासून मधल्या मोकळ्या जागेत नव्यानं मारून घेतो. आधी गेलेल्या बावीसचं गिऱ्हाइकाला फोन करून सांगतो, तिथं जाऊन कोपऱ्यांना आतनं टाके मारून द्यायची तयारी आहे.

पावडरकोटिंग_शिरोली
टाके मारले की तिथली पावडर जळणार. येताना आमच्याकडनं त्याच छटेचा टचअपचा रंग घेऊन जा, बॅच नंबर लिहून ठेवलाय.